रासायनिक निर्जंतुकीकरण आणि परिचारिकेचा अधिकार



शस्त्रक्रियेची पोलादी हत्यारे ऑटोक्लेव्हमधील दाबाखालची वाफ सोसतात. परंतु शरीराच्या आत पाहण्यासाठीच्या, भिंगे आणि प्रकाशतंतू असलेल्या अनेक दुर्बिणी त्या उष्णतेत निकामी होतात, म्हणून त्यांच्यासाठी रसायनांचा आधार घ्यावा लागतो. अर्ल स्पॉल्डिंग यांनी केलेल्या वैद्यकीय उपकरणांच्या वर्गीकरणानुसार शरीराच्या निर्जंतुक भागांत शिरणारे उपकरण पूर्णपणे निर्जंतुक, म्हणजे जिवाणूंच्या चिवट बीजाणूंपासूनही मुक्त, असले पाहिजे. जठरदुर्बिणीसारख्या, केवळ आतील श्लेष्मल आवरणाला स्पर्श करणाऱ्या उपकरणाला किमान उच्चस्तरीय निर्जंतुकीकरण लागते, ज्यात काही बीजाणू शिल्लक राहू शकतात. ग्लुटराल्डिहाइड या रसायनाच्या दोन टक्के द्रावणात ही दुसरी पातळी साधारण 20 मिनिटांत गाठता येते, पहिलीसाठी मात्र सुमारे 10 तास लागतात. 20 मिनिटे बुडवून काढलेल्या लॅपरोस्कोपला, म्हणजे पोटात घालायच्या दुर्बिणीला, ‘स्टराईल’ म्हणणे ही म्हणूनच शब्दांची किरकोळ चूक नसून रुग्णाच्या पोटात जाणारी चूक आहे.

ग्लुटराल्डिहाइडचे द्रावण प्रथिनांना घट्ट बांधते आणि त्याच गुणामुळे जंतू मरतात. पण न धुतलेले रक्तही त्यामुळे उपकरणावर पक्के बसते व त्याखालचे जंतू सुरक्षित राहतात. म्हणून दुर्बिणीच्या प्रत्येक नळीतून ब्रश फिरवणारी, द्रावणाची तीव्रता पट्टीने तपासणारी परिचारिका हीच या प्रक्रियेची खरी हमी आहे. शेवटची धुलाई राहून गेली, तर उरलेल्या रसायनाने रुग्णाच्या आतड्याला दाह होऊ शकतो.

परिचारिकेच्या स्वतःच्या जिवाचाही प्रश्न आहे. ग्लुटराल्डिहाइडच्या वाफेने डोळे चुरचुरतात आणि दमा जडू शकतो. निर्जंतुकीकरणासाठीच वापरला जाणारा इथिलीन ऑक्साइड हा वायू तर कर्करोगकारक ठरलेला आहे. झाकणाचे भांडे, नायट्राइलचे हातमोजे आणि दूषित हवा बाहेर काढणारी यंत्रणा या गोष्टी सवलत म्हणून नव्हे, हक्क म्हणून मिळायला हव्यात.

शस्त्रक्रियांची यादी लांब आणि दुर्बीण एकच असली, की घाई उपकरण द्रावणात बुडवून ठेवण्याच्या मिनिटांवरच येऊन पडते. अशा वेळी उपकरण रोखून धरण्याचा लेखी अधिकार परिचारिकेला मिळावा आणि दुसऱ्या दुर्बिणीच्या खरेदीची जबाबदारी व्यवस्थापनाने घ्यावी, हा ठराव परिचारिकांच्या या परिषदेची स्वागत समिती परिषदेच्या विचारार्थ मांडत आहे.