बाळाच्या खुब्याचा उपचार आणि कुटुंबाचे कर्तव्य



उटनूर परिसरातील एखाद्या गुड्यावरची तरुण आई डोळ्यांसमोर आणावी. पहिलेच अपत्य, मुलगी, आणि तीही पायाळू. बाळ दूध नीट पिते, हसते, खेळते. दीड-दोन महिन्यांनी डॉक्टर तपासून सांगतात, की तिच्या डाव्या खुब्याचा सांधा जागेवर नाही. काही आठवडे तिला रात्रंदिवस पट्ट्यांत ठेवावे लागेल. आईला प्रश्न पडतो : ज्या बाळाला काही दुखत नाही, त्याला बांधून का ठेवायचे? घरी सासूबाईही हेच विचारतात. या प्रश्नाचे उत्तर घराला पटले नाही, तर पट्टा आठ दिवसांत खुंटीवर जातो आणि वर्षा-दीड वर्षाने मुलगी लंगडत चालू लागते. उपचार दवाखान्यात सुरू होतो. तो तडीस जातो तो घरात.

सांध्याचा दोष

मांडीच्या हाडाचे वरचे टोक चेंडूसारखे गोल असते आणि ते कमरेच्या हाडातील वाटीत बसते. तान्ह्या बाळाची ही वाटी पक्क्या हाडाची नसून बहुतांशी मऊ कूर्चेची असते. ओल्या मातीला हाताचा आकार यावा, तसा त्या वाटीला आत बसलेल्या गोळ्यामुळे आकार येतो. गोळा नीट बसला तर वाटी खोल होते. तो बाहेर सरकला तर ती उथळच राहते. बाळ जितके लहान तितकी वाटी घडवणे सोपे. म्हणूनच या आजारात महिन्याची दिरंगाईही महाग पडते.

पूर्ण निखळलेला खुबा हजारी एक-दोन बाळांत आढळतो. मुलींमध्ये, पहिल्या अपत्यात आणि घरात पूर्वी कोणाला हा दोष असल्यास त्याचा संभव अधिक. त्यातही डावी बाजू अधिक. पायाळू किंवा कुल्ल्यांकडून जन्मलेल्या बाळांत तो विशेष दिसतो. पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेतील उसण उतरते, असे आपल्याकडे म्हणतात. परंतु पायाळू बाळाचे स्वतःचे खुबे तपासून घेण्याचे मात्र राहून जाते.

या दोषात आईची काही चूक नसते. ग्रहण किंवा कोणाची दृष्ट यांचाही संबंध नाही. मात्र एक गोष्ट घराच्या हाती आहे. बाळाचे पाय ओढून सरळ करून दुपट्यात घट्ट आवळल्याने सांधा बाहेर सरकण्यास मदत होते. जपानमध्ये १९७५ च्या सुमारास बाळाचे पाय सरळ बांधू नयेत अशी देशव्यापी मोहीम काढण्यात आली, आणि पूर्वी शेकडा एक ते तीन बाळांत दिसणारा हा दोष हजारी दोनाहूनही कमी झाला. याउलट आपल्याकडील कडेवर घेण्याची रीत उत्तम आहे. कडेवरच्या बाळाचे गुडघे दुमडलेले व मांड्या फाकलेल्या असतात. त्या बैठकीत गोळा वाटीत नीट बसतो. पाव्हलिक या चेक शल्यचिकित्सकांनी १९४० च्या दशकात प्रचारात आणलेला पट्टाही बाळाला जवळजवळ याच बैठकीत ठेवतो. हा पट्टा म्हणजे शिक्षा नव्हे. आईच्या कडेवरची बैठकच चोवीस तास टिकवण्याची ती युक्ती आहे, असे सासूबाईंना सांगितले तर त्यांना ते लवकर पटेल.

वेळीच ओळख

लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर न फाकणे, एक पाय आखूड भासणे, मांडीवरील वळ्या दोन्ही बाजूंना सारख्या नसणे, ही लक्षणे पाहावीत. वळ्यांतील फरक निरोगी बाळातही असू शकतो. म्हणून घाबरू नये, पण दाखवावे जरूर. दवाखान्यात प्रसूती झाल्यास आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. त्या भेटींत ही शंका तिला विचारावी. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ज्या जन्मजात दोषांची तपासणी होते, त्यांत खुब्याचा हा दोष समाविष्ट आहे. पहिल्या काही महिन्यांत सोनोग्राफीने आणि पुढे क्ष-किरण चित्राने निदान पक्के होते.

पहिल्या सहा महिन्यांत बहुधा पट्ट्याने काम भागते. त्यानंतर दीड वर्षापर्यंत भूल देऊन सांधा बसवून कमरेपासून पायापर्यंत प्लॅस्टर घालावे लागते. त्याहून उशीर झाल्यास मोठी शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. हाडवैद्याकडून पाय ओढून घेणे धोक्याचे आहे. त्याने गोळ्याचा रक्तपुरवठा बिघडू शकतो.

घरची काळजी

पट्टा साधारणपणे सहा ते बारा आठवडे, दिवसाचे जवळजवळ चोवीस तास असतो. डॉक्टरांनी मुभा दिल्याखेरीज तो काढू नये. ओल्या फडक्याने अंग पुसावे. पायावर घेऊन न्हाऊ घालणे आणि पाय ओढून मालीश करणे तोवर थांबवावे. पट्ट्याखाली पातळ सुती झबले व मोजे असावेत. मानेच्या, गुडघ्यांमागच्या व जांघेतील घड्या रोज पाहाव्यात. लंगोट बदलताना घोटे धरून पाय उचलू नयेत. कुल्ल्यांखाली हात घालून बाळ उचलावे. पट्टे घरच्या घरी आवळू किंवा सैल करू नयेत. बाळाने एखादा पाय हलवणे बंद केले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तीन-चार आठवड्यांत सांधा बसला नाही तर उपचाराची दिशा बदलावी लागते. म्हणून ठरलेली फेरी चुकवू नये.

प्लॅस्टर असल्यास ते कोरडे राखणे हे मुख्य काम. लहान लंगोट प्लॅस्टरच्या कडेच्या आत खोचून त्यावर दुसरा मोठा बांधावा. पायाची बोटे गार, निळसर किंवा सुजलेली दिसली, प्लॅस्टरमधून दुर्गंधी आली अथवा ताप चढला, तर वाट पाहू नये. खाज सुटली म्हणून आत काडी घालू नये. दोन्ही पायांमधील आडवी काठी धरून बाळाला कधीही उचलू नये. दर दोन-तीन तासांनी कूस बदलावी. दूध अंगावरचेच चालू ठेवावे. बाळाला उशीच्या आधाराने बगलेखालून घेतले म्हणजे पाजणे जमते.

पहिले चार-पाच दिवस बाळ किरकिरते, आईही रडकुंडीला येते. त्यानंतर बाळ सरावते. पट्ट्यातले बाळ हसते, हुंकारते, त्याच्याशी बोललेले त्याला हवेच असते. त्याला कोपऱ्यात निजवून न ठेवता अंगणात, माणसांत आणावे.

इतरांचे साह्य

आता पुन्हा त्या गुड्यावरच्या आईकडे वळू. उटनूरहून इंद्रवेली व गुडिहत्नूर ओलांडून आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात वारंवार जायचे, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत, म्हणजे प्रत्येक फेरीला दोघांची मजुरी बुडते. चौथ्या फेरीला पाय मागे ओढला जातो तो बेफिकिरीने नव्हे. अशा वेळी पतीने बाळाची एक पाळी स्वतःकडे घ्यावी, सासूबाईंनी आईला रात्रीची झोप मिळू द्यावी. आशा व अंगणवाडी कार्यकर्तीने फेरीची तारीख लक्षात ठेवून आदल्या दिवशी घरी जावे. अधिकाऱ्यांनी प्रवासाची सोय कोणत्या योजनेतून होऊ शकेल ते पाहावे. आणि सूचना तेलुगूत लिहून हाती देण्यावर न थांबता आईला तिच्या गोंडीत, कोलामीत वा मराठीत कोणीतरी समजावील, अशी व्यवस्था ठेवावी. न समजलेली सूचना ही न दिल्यासारखीच असते.

शिक्षकांचेही यात काम आहे. धाकट्या भावंडांना कडेवर वागवणाऱ्या मुली त्यांच्याच वर्गात असतात. बाळ कसे उचलावे हे त्यांना शिकवता येईल. एखादे मूल डुलत किंवा लंगडत चालताना दिसले, तर त्याला टोपणनाव पडण्याआधी ते तपासणी पथकासमोर गेले पाहिजे.

तीन महिन्यांचा पट्टा मोठा वाटतो खरा. परंतु त्या मुलीला पुढे सारे आयुष्य चालायचे आहे : शाळेच्या वाटेवर, शेताच्या बांधावर, आणि कधीतरी स्वतःचे मूल कडेवर घेऊन. त्या चालण्यासाठी घराने हे तीन महिने द्यावेत, आणि गावाने त्या घराला साथ द्यावी.