माहेरची घोंगडी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझ्या दुकानाविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मला भाषणाची सवय नाही. दुकानात बसून बोलते तशीच बोलते. गोड मानून घ्यावे.

माझे माहेर सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. सह्याद्रीने अडवलेला पाऊस तिकडे पोचता पोचता संपतो. वर्षाला जेमतेम २० इंच. आपल्या मुरबाड-शहापुरात त्याच्या चौपट तरी पडतो. तिकडे बाजरी, मटकी, हुलगे पिकतात आणि माळावर मेंढरे जगतात. आमचे घर सनगराचे. मेंढपाळाकडून लोकर आणायची, आईने ती पिंजून चरख्यावर कातायची, सुताला चिंचोक्याची खळ द्यायची आणि वडिलांनी मागावर विणायचे. काळा रंग मेंढीचाच, रंगाऱ्याचा नव्हे.

लग्न होऊन मी मुरबाडास आले, तेव्हा आईने एक घोंगडी बरोबर दिली. आवणीच्या दिवसांत सासूबाई तिची खोळ डोक्यावर घेऊन शेतावर गेल्या. संध्याकाळी म्हणाल्या, "सूनबाई, पाठ कोरडी राहिली हो! अशा आणखी चार मागव. शेजारणी विचारतात." त्या चार घोंगड्यांतून दुकान उभे राहिले. म्हशाच्या जत्रेत घोंगडी घेण्याची इकडे जुनी रीत, म्हणून गिऱ्हाइकाला गुण सांगावे लागले नाहीत. पुढे हुलगे-मटकीही आली.

आता माझी चूक सांगते. एका वर्षी गावाकडून माल कमी आला. एका व्यापाऱ्याने यंत्रावरची स्वस्त कांबळी दिली. मी ती माणदेशी म्हणून विकली. नफा दुप्पट झाला. आषाढात एका पाड्यावरच्या काकी ओले कांबळे घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "वहिनी, हे नेसूचं लुगडं बरं! धनी दोन दिवस तापानं पडलेत." मी पैसे परत दिले. पण त्या रात्री आईचे कातून कातून राठ झालेले हात डोळ्यांपुढून हलेनात. मी फसवले होते ते काकींना आणि आईलाही.

तेव्हापासून दुकानात दोन ढीग असतात. यंत्राचे कांबळे यंत्राचे म्हणूनच, कमी भावात. कारण गरजू माणसालाही थंडी वाजतेच. हातमागाच्या घोंगडीवर मात्र चिठ्ठी असते: लोकरीचे इतके, कातणारणीचे इतके, विणकराचे इतके, एसटीचे भाडे इतके, माझे इतके. पहिल्या वर्षी विक्री निम्म्यावर आली. घरात बोलणीही बसली. पण चिठ्ठी वाचून घासाघीस करणाऱ्या बायका कातणारणीच्या आकड्याशी थांबू लागल्या. एकीने तर विचारले, "एवढ्याशा पैशांत तिचं भागतं कसं?" त्या वर्षापासून मी तिची मजुरी वाढवली.

ती मजुरी बाईच्याच हाती पडावी, असा माझा आग्रह असतो. म्हसवडला १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने माणदेशी महिला सहकारी बँक निघाली. बायकांना लिहितावाचता येत नाही म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या बायका अक्षरे शिकल्या आणि पुन्हा गेल्या. माझ्या भावजयीचे खाते तिथेच आहे.

भगिनींनो, दुकान भांडवलावर चालते हे खरे. पण माल कोणाच्या हातचा, हे खरे सांगितले तरच ते हात चालते राहतात.