दोन पायांचे दोन मोजे



लोक निर्माण विभागातला उपयंत्री विणकामावर काय बोलणार, असे इथल्या काही काकूंच्या चेहऱ्यावर दिसते आहे. पण माप घेणे हा माझा रोजचा धंदा आहे, आणि मोज्यात अर्धे काम मापाचेच असते.

माझ्या धाकट्या मुलीचे डावे पाऊल जन्मतः आत वळलेले होते. पॉन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, ते सरळ झाले. पुढे ती चार वर्षांची होईपर्यंत रात्री पट्टीचे बूट. आज ती सात वर्षांची आहे, छान धावते. तरी ते पाऊल उजव्यापेक्षा लहान आणि पोटरी बारीक आहे. असे बहुधा राहतेच. बाजारचे मोजे दोन्ही पायांना एकाच मापाचे. डाव्या बुटात उरलेला मोजा बोटांखाली गोळा व्हायचा, संध्याकाळी फोड दिसायचा. ती सांगायची नाही. ग्वाल्हेरच्या थंडीतही शाळेत गुपचूप मोजा काढून ठेवायची. तेव्हा मी आईकडून सलाया धरायला शिकलो.

मुलाला उभे करून दोन्ही पावलांचा घेर वेगवेगळा मोजा. आमच्याकडे उजवा १७.५ सेंटिमीटर, डावा १६. मोजा जरा ताणून बसायला हवा, म्हणून दहावा हिस्सा वजा करा. नमुना विणून पाहिला तर माझ्या हाताने १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके बसतात. त्या हिशेबाने उजव्याला ४८ आणि डाव्याला ४४. दोन सुलट, दोन उलट अशी वीण असल्याने आकडा चारच्या पाढ्यातला हवा. बारीक पोटरीवर हीच वीण मोजा धरून ठेवते.

टाच मात्र नुसत्या हिशेबाने जमत नाही. उजव्या टाचेची पट्टी मी २४ ओळींची करतो, डावी टाच लहान म्हणून १८. मग पायात घालून बघतो. पुढे बोटांशी शिवण नको. उरलेले टाके समोरासमोर ठेवून बोथट सुईने एकमेकांत ओवून घ्या, म्हणजे कड राहत नाही.

ओळखायला डाव्याला वेगळा रंग द्या, असे काहींनी सुचवले. मला ते पटत नाही. वर्गातली मुले बघतात. आतून एक रंगीत टाका पुरतो.

नवा मोजा अर्धा तास घालून काढा. कातडीवर लाल वळ दिसला, तर तेवढा भाग उसवा.

दोन्ही मोजे टेबलावर ठेवले आहेत. आत हात घालून बघा.