महासाथीनंतरचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस बोलण्यासाठी विषय दिला तो 'महासाथ आणि आपला समाज' हा. विषय आता शिळा झाला, त्यात कोणास गोडी वाटणार, असे एका स्नेह्याने आम्हांस कालच ऐकविले. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी कोरोनाची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले, त्यालाही बराच काळ लोटला. परंतु साथ संपणे निराळे आणि साथीचा हिशेब मिटणे निराळे. तो मिटलेला नाही, असे आमचे मत आहे, व त्याची कारणे आपल्यापुढे ठेवावी एवढ्याचसाठी आम्ही उभे आहोत.

सन 2022 च्या संमेलनास आपल्या मतदारसंघाचे विधानसभा सदस्य आले होते, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. हारतुरे झाल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला आणि साथीच्या दोन वर्षांत काय झाले, लस किती जणांस मिळाली, रुग्णालयात काय सुधारणा झाली, हे अर्धा तास सांगितले. लोकप्रतिनिधीने कोणी न विचारता हिशेब द्यावा ही गोष्ट आपल्याकडे इतकी विरळा आहे की, त्या दिवशी भोजनास उशीर झाला तरी कोणी कुरकुर केली नाही. त्यांच्या भाषणाची टिपणे आमच्या वहीत आहेत. आज त्या टिपणांपुढे आणखी काही लिहावयाचे आहे.

प्रथम लसीविषयी. 16 जानेवारी 2021 रोजी देशात लसीकरणास प्रारंभ झाला तो आरोग्यसेवकांपासून. 1 मार्चपासून साठीच्या पुढील माणसे व पंचेचाळिशीपुढील व्याधिग्रस्त, 1 एप्रिलपासून पंचेचाळिशीपुढील सर्वजण, आणि 1 मेपासून अठरा वर्षांपुढील तरुण, असा क्रम लागला. महाराष्ट्राने अभिमान बाळगावा असे त्यात पुष्कळ होते. कोविशील्ड पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली. कोव्हॅक्सिन हैदराबादची खरी, पण तिच्या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेचा वाटा होता. 17 जुलै 2022 रोजी देशातील मात्रांचा आकडा 200 कोटींवर गेला. आपल्या राज्यात अखेरपर्यंत 17 कोटींहून अधिक मात्रा दिल्या गेल्या. एवढे मोठे काम एवढ्या थोड्या काळात झाले, याबद्दल सरकार कोणत्या पक्षाचे होते हा विचार बाजूस ठेवून कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे.

परंतु लस कुपीतून दंडात गेली ती कोणामुळे? आमदारसाहेबांच्या कागदावर याचे उत्तर नव्हते, आणि असण्याचे कारणही नाही. मे 2021 मध्ये तरुणांना नोंदणी भ्रमणध्वनीवर करावी लागे. ज्याची बोटे चपळ त्याला जागा मिळे. शहरातील मंडळी मोटारी घेऊन खेड्यांतील केंद्रांवर येत आणि गावचा माणूस दारात उभा राहून पाहत असे. दुसरीकडे, लस समोर असूनही ती घ्यावयास तयार नसलेली माणसे घराघरांत होती. आम्ही शाळेतून निवृत्त झालेलो असलो तरी मास्तर म्हणून लोक अद्याप मान देतात, तेव्हा गावच्या आशासेविकेबरोबर चार वाड्या हिंडलो. एका आजींनी दार अर्धेच उघडले. "मास्तरांनू, ज्वर येऊन मेलंय तर?" असे त्या म्हणाल्या. आशासेविकेने वाद घातला नाही. तिने आजींच्या दंडावरचा जुना वण दाखवून विचारले, "आजी, ह्यो कसला वण?" आजी म्हणाल्या, "देवी टोचल्याचो." "मग तुमच्या वेळी देवीनं माणसं मरत, आता मरतात का?" आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग लुगड्याचा पदर खोचून आमच्याबरोबर चालू लागल्या. त्या आशासेविकांना मानधनवाढीसाठी जून 2021 मध्ये राज्यभर संप करावा लागला, हेही या हिशेबात लिहिले पाहिजे.

आजींच्या दंडावरील त्या वणामागे मोठा इतिहास आहे. हिंदुस्थानात देवीची लस प्रथम टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस. 1896 साली मुंबईत ग्रंथिज्वराची साथ आली. ती ओळखणारे पहिले वैद्य डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे. त्या साथीवर हाफकीन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका खोलीत लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. लोकांचा विश्वास बसावा म्हणून याहून अधिक काय करावयाचे? त्याच वर्षी पुण्यात सरकारने दुसरा मार्ग धरला. सोजीर घरांत शिरले, देवघरे व माजघरे तपासली, माणसे ओढून नेली. त्याचा शेवट रँडच्या वधात झाला. आणि त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने निवर्तल्या. एकाच शहरातील एकाच वर्षाच्या या गोष्टी विद्यार्थ्यांना शिकविताना आम्ही नेहमी शेजारी शेजारी ठेवीत असू.

जुना मार्ग आपल्या काळातही डोकावून गेला. नोव्हेंबर 2021 मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एकही मात्रा न घेतलेल्यांना शिधा, गॅस व पेट्रोल देऊ नये असे हुकूम निघाले. आकडा त्यामुळे वाढला असेल. पण हुकमाने आलेला माणूस तिसऱ्या मात्रेस येत नाही. ही तिसरी मात्रा जुलै 2022 पासून 75 दिवस सर्व प्रौढांना विनामूल्य होती, तरी पहिल्या दोन मात्रांच्या मानाने ती घेणारे फारच थोडे निघाले.

रुग्णालयांविषयी आम्ही थोडक्यात सांगतो, कारण तो विषय तज्ज्ञांचा. एप्रिल 2021 मध्ये प्राणवायूसाठी जी धावपळ झाली ती कोणीही विसरणार नाही. 19 एप्रिलला कळंबोलीहून रिकामे टँकर आगगाडीवर चढवून विशाखापट्टणमला धाडावे लागले. 21 एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून प्राणवायूचा दाब उतरला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. उलट नंदुरबारसारख्या आदिवासी जिल्ह्याने पहिली लाट ओसरताच प्राणवायूचे प्रकल्प उभारून ठेवले होते. म्हणजे पैशापेक्षा आधी विचार करणारा माणूस लागतो. आमदारांना स्थानिक विकास निधीतून 1 कोटी रुपयांपर्यंत कोरोनाच्या कामी खर्च करण्याची मुभा त्याच एप्रिलात मिळाली होती. त्या निधीतून यंत्रे आली, हे आमदारसाहेबांनी सांगितले. ती यंत्रे आज चालू आहेत की पोत्याखाली झाकून ठेवली आहेत, हे पुढील भेटीत त्यांना नम्रपणे विचारावे, अशी आमची कार्यकारिणीस सूचना आहे.

लसीविषयी एक गोष्ट राहिली. मोठ्यांच्या लसीच्या गडबडीत लहानांची लस मागे पडली. टाळेबंदीत पुष्कळ बाळांच्या नेहमीच्या टोचण्या चुकल्या, आणि 2022 च्या अखेरीस मुंबईत गोवंडी भागात गोवराने डोके वर काढले. बालके दगावली. मुंबईकर बंधूंनी हे दूरचे समजू नये. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा बाळास नऊ महिने पुरे झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान द्यावयाची असते. ज्यांच्या घरी 2020 वा 2021 साली पाळणा हालला त्यांनी घरी गेल्यावर बाळाचे लसीचे कार्ड एकदा काढून पाहावे. एखादी मात्रा चुकलेली आढळली तर आरोग्यकेंद्रात जाऊन विचारावे.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही आपला वेळ घेतला तिच्याकडे येतो.

महाराष्ट्रात कोरोनाने गेलेल्यांची सरकारी नोंद सुमारे 1 लाख 48 हजार आहे. आमदारसाहेबांनी त्यांच्याविषयी दुःख व्यक्त केले, व सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेले 50 हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य मिळत असल्याचे सांगितले. ते खरे होते. परंतु गेल्या वर्षी आम्ही व दोन सहकारी ज्ञातीतील अशा घरांची यादी करावयास बसलो, तेव्हा कागदावरील योजना आणि चुलीपुढील माणूस यांत किती अंतर असते ते कळले. एका भगिनीचे यजमान रुग्णालयातून घरी आणल्यावर आठवड्याने गेले. दाखल्यावर कोरोनाचा उल्लेख नाही, म्हणून त्यांनी अर्जच केला नाही. वास्तविक सप्टेंबर 2021 च्या नियमाप्रमाणे तपासणीपासून तीस दिवसांच्या आत मृत्यू झाला असेल, मग तो घरी का होईना, तो कोरोनाचा मृत्यू धरावयाचा होता, आणि तंट्यासाठी जिल्ह्यास समितीही होती. हे त्यांना कोणी सांगितले नाही. 20 मार्च 2022 पूर्वीच्या मृत्यूंसाठी न्यायालयाने साठ दिवसांची मुदत घातली. तीही निघून गेली. खऱ्या अडचणीमुळे राहिलेल्यांना समितीकडे जाण्याची वाट न्यायालयाने ठेवली होती. त्या भगिनीचा अर्ज आम्ही त्या वाटेने केला आहे. निकाल काय लागतो ते पाहावयाचे.

मुलांच्या बाबतीत अद्याप वेळ गेलेली नाही. आईबाप दोन्ही गेलेल्या मुलांसाठी राज्याने जून 2021 मध्ये 5 लाखांच्या ठेवीचा निर्णय केला, ते बहुतेकांस ठाऊक आहे. पण बाप एकटाच गेला, आई आहे, अशा मुलांनाही बालसंगोपन योजनेचा लाभ मिळू शकतो, हे आमच्या यादीतील कित्येक घरांस माहीत नव्हते. पूर्वी दरमहा 1100 रुपये असलेली ही रक्कम 2023 साली 2250 करण्यात आली. अठरा वर्षांपर्यंत ती मिळते. जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावयाचा. तो लिहून देण्यास आम्ही बसलेलोच आहोत.

येथवर सरकारचा भाग झाला. पुढचा भाग सरकारचा नाही, तो आपला आहे, आणि बोलताना आम्हांस संकोच वाटतो, कारण ऐकणाऱ्यांत त्या घरांची माणसेही आहेत. यजमान गेल्यावर सातबाऱ्यावर वारस म्हणून पत्नीचे नाव लागावयास हवे. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा, मुलगे, मुली व आई हे सारे प्रथम वर्गातील वारस आहेत. तलाठ्याकडे (आता त्यांस ग्राममहसूल अधिकारी म्हणतात) अर्ज द्यावा, फेरफार नोंदवावा, एवढेच काम असते. तथापि 'घरातच तर आहे, घाई कसली', 'ती काय आता वाटणी मागणार?' असे म्हणून दीर-भावजयीत हे काम वर्षानुवर्षे खोळंबते. ज्या भावाने साथीत स्वतःच्या जिवावर उदार होऊन भावाला रुग्णालयात नेले, त्याच भावाने त्याच्या पत्नीचे नाव चढवावयास चार वर्षे लावावी, हे आम्हांस उमगत नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाच्या गावच्या ग्रामसभेने ठराव केला की, पती निधन पावल्यावर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद कराव्या. कोरोनात तरणी माणसे गेल्याने ज्यांच्यावर ही वेळ आली त्या स्त्रिया गावापुढे होत्या. शासनाने त्याच महिन्यात परिपत्रक काढून अन्य ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे कळविले. आपल्या ज्ञातीत बांगड्या फोडण्याची चाल बऱ्याच घरांतून गेली आहे, हे आम्ही जाणतो. परंतु हळदीकुंकवाचे काय? आमच्या यादीतील एका मुलीचे, मुलगीच म्हणावयाची, तिचे वय तीस देखील नाही, आपल्या महिला शाखेच्या हळदीकुंकवास नाव होते. सन 2021 नंतर ते नाव निघाले. कोणी काढले असे विचारले तर कोणीच काढलेले नाही. तिच्या दाराशी बोलावणे गेले नाही, एवढेच झाले. तिने दोन्ही मात्रा घेतल्या, मुलास शाळेत घातले, शिवणाचे यंत्र घेऊन चार पैसे मिळविते; सरकारच्या कागदावर ती या साथीतून सावरलेली आहे.

आमच्या पिढीतील काही वडीलधाऱ्या मंडळींस हे रुचणार नाही. त्यांच्याशी आम्ही घरी जाऊन बोलू, व्यासपीठावरून नव्हे. तूर्त अध्यक्षांच्या अनुमतीने दोन सूचना सभेपुढे ठेवतो. ज्ञातीतील ज्या घरांनी साथीत माणूस गमावले त्यांची वही मंडळाने ठेवावी. तीत सानुग्रह साहाय्य, मुलांचे संगोपन आणि सातबाऱ्यावरील नाव या तिन्हींची स्थिती लिहावी. आणि ती दर संमेलनात वाचावी. ती वही आज चिटणीसांच्या मेजावर आहे व पंगत उठेपर्यंत उघडी राहील. ज्यांस सर्वांदेखत लिहावयाचे नसेल त्यांनी आम्हांस पत्र टाकावे. दुसरी सूचना अशी की, महिला शाखा दिवाळीपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी करते, त्या यादीत ही सर्व नावे असावीत. या सूचनेस एखाद्या भगिनीने अनुमोदन द्यावे, अशी आमची विनंती आहे.