हजरतगंजातील आमच्या दुचाक्या

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात ज्येष्ठ वाहनधारक सभासदांच्या वतीने केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या समारंभात मंडळाच्या इतिहासाविषयी आम्ही चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. इतिहास म्हटला की ठराव, अहवाल आणि पदाधिकाऱ्यांची नामावळी डोळ्यांपुढे येते. ती सामग्री या स्मरणिकेत अन्यत्र येणारच आहे. आम्हाला ज्या इतिहासाबद्दल बोलावयाचे आहे, तो मात्र कोणत्याही अहवालात नोंदविला गेला नाही. तो सभागृहाबाहेर एका ओळीत उभा असे, आणि कार्यक्रम संपवून आपण बाहेर पडलो की पुष्कळदा किक मारूनही सुरू होत नसे. आम्ही आमच्या जुन्या मोटारसायकली आणि स्कूटर यांच्याविषयी बोलत आहोत. येथे ‘आम्ही’ हा शब्द मोठेपणाचा नव्हे. मंडळातील सात-आठ जुन्या चालकांनी एकत्र बसून ज्या आठवणी काढल्या, त्या एकाच्या तोंडून आपल्यासमोर येत आहेत, इतकाच त्याचा अर्थ.

लखनौतील मराठी माणूस कधी एका आळीत राहिला नाही. नोकरीने त्याला जेथे नेले तेथे तो राहिला. १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने निघालेल्या संगीत महाविद्यालयामुळे काही घरे कैसरबागेच्या आसपास होती. १९५१ मध्ये छत्तर मंझिलमध्ये केंद्रीय औषधी संशोधन संस्था सुरू झाली. १९५७ मध्ये रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प व मानक संघटनेची स्थापना झाली आणि मानकनगरची वसाहत वाढली. मेडिकल कॉलेजचे लोक चौकाच्या बाजूला, विमानांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचे लोक फैजाबाद रस्त्याला. या सर्वांच्या मध्यावर हजरतगंज. संध्याकाळी तेथे निरुद्देश फेरफटका मारण्याला या शहराने ‘गंजिंग’ असे खास नाव दिले आहे. आम्हा मंडळींसाठी ते फिरणे सर्वस्वी निरुद्देश नव्हते. मेफेअर चित्रपटगृहाच्या इमारतीपाशी किंवा कॉफी हाऊसच्या दारात एखादी ओळखीची गाडी दिसली, की आत मराठी बोलणारे कोणीतरी आहे, हे कळत असे. टेलिफोन मोजक्या घरी असण्याच्या त्या काळात गाडीचा क्रमांक हाच आमचा पत्ता होता.

आमच्यातील सर्वांत वडील सभासदांनी जी वाहने पाहिली, ती दुसऱ्या महायुद्धातील होती. बी.एस.ए., नॉर्टन, मॅचलेस अशा, लष्कराने वापरून मोडीत काढलेल्या गाड्या छावणीच्या गावांतून फिरत असत. पुढे परदेशी गाड्यांची आयात आटत गेली आणि देशी कारखाने निघाले. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडची रॉयल एन्फील्ड यांच्या भागीदारीतून एन्फील्ड इंडिया उभी राहिली व बुलेट मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे तयार होऊ लागली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून चेकोस्लोव्हाकियातील रचनेची जावा बाहेर पडू लागली. तीच पुढे येझदी झाली. १९६२ मध्ये एस्कॉर्ट्‌सने पोलंडमधील एका गाडीच्या नमुन्यावर राजदूत काढली. बुलेट फौजदाराची, जावा कॉलेजातल्या तरुणाची आणि राजदूत दूधवाल्याची, अशी आमच्याकडे ढोबळ वर्णव्यवस्था होती. मराठी मंडळींनी ती मानली नाही. जी मिळेल ती, आणि हप्त्यात बसेल ती, हा आमचा नियम.

या तिन्ही गाड्यांचे स्वभाव भिन्न होते. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. जावाचे याच्या नेमके उलट. त्यामुळे मित्राची गाडी मागून नेणारा पहिल्याच वळणावर थांबण्याऐवजी गिअर बदलीत असे. बुलेट नुसत्या ताकदीने सुरू होत नसे. अँपिअर मापकाच्या काट्याकडे पाहात पिस्टन योग्य जागी आणावा लागे, दाब सोडणारी कळ ओढावी लागे, आणि मग संपूर्ण वजन टाकून किक मारावी लागे. घाई केली तर ती उलटा तडाखा देई, आणि पोटरीवरची ती निळी खूण आठवडाभर टिके. जावामध्ये किक आणि गिअर यांचा दांडा एकच होता. किक मारून तोच दांडा पुढे वळविला की गिअर तयार! ही युक्ती पाहण्यासाठी आमच्या घरची पाहुणेमंडळी अंगणात येऊन उभी राहात.

शिकणे होई ते पहाटे. सिकंदरबागेकडचे रुंद रस्ते त्या वेळी मोकळे असत. शिकविणारा मागे बसे आणि शिकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवी. क्लच हळू सोडणे, हे एकच सूत्र तो पुन्हा पुन्हा सांगे, आणि तेच साधत नसे. त्या सकाळी आम्हाला यंत्राची भाषा शिकविली. आवाज बदलला की प्लग काळा झाला, धूर निळा झाला की तेल अधिक पडले, गाडी चढावर दमली की कार्बुरेटर तपासावा, हे आम्ही पुस्तकात वाचले नाही. टूलबॉक्समध्ये जादा प्लग, जुने फडके आणि काचकागदाचा तुकडा नसलेला चालक आम्हाला अपुरा वाटे.

यानंतर स्कूटर आली, आणि येथे आपल्या दोन गावांची गोष्ट सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत दोन स्कूटर जन्मल्या. १९४६ साली पियाज्जिओची व्हेस्पा, १९४७ साली मिलानच्या इनोचेन्तीची लँब्रेटा. व्हेस्पाचा परवाना घेऊन बजाजने पुण्यात स्कूटर बनविली. करार संपल्यावर १९७२ मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन चेतक काढली. त्याच वर्षी केंद्र सरकारने लखनौसाठी स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन केली. इनोचेन्तीने नुकतेच लँब्रेटाचे उत्पादन थांबविले होते. मिलानची ती यंत्रसामग्री विकत घेऊन कानपूर रस्त्यावर सरोजिनीनगरला आणण्यात आली, आणि १९७५ पासून तेथे ‘विजय डीलक्स’ तयार होऊ लागली. परदेशी पाठविली तर तीच लँब्रेटा.

त्यामुळे आमच्यापुढे मोठा धर्मसंकटाचा प्रश्न उभा राहिला. माहेरची बजाज घ्यावी की सासरची विजय? मंडळाच्या दिवाळी फराळाला या विषयावर जेवढा वाद झाला, तेवढा घटनादुरुस्तीवरही झाला नाही. बजाजचे पक्षकार सांगत, तिचे अंग पत्र्याचे एकसंध, सुटे भाग कोठेही मिळतात, आणि पुण्याहून कोणी आला तर पिशवीतून घेऊन येतो. विजयचे पक्षकार म्हणत, बजाजचे इंजिन उजव्या बाजूला लटकलेले; विजयचा सांगाडा नळीचा व इंजिन मध्यावर, म्हणून ती रस्ता धरून चालते. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी निर्णय गुणावर न होता मिळण्यावर होई. बजाजसाठी नाव नोंदवून, अनामत भरून वर्षानुवर्षे थांबावे लागे. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदविलेली स्कूटर ती शाळेत जाऊ लागल्यावर आली, असे आमच्यातील एका घरी घडले. साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्समध्ये बजाजची ‘प्रिया’ बनू लागली, तेव्हा सातारकर सभासदांनी तिसरा पक्ष काढला, हेही सांगितले पाहिजे.

या वाहनांनी मंडळासाठी काय केले, ते आता सांगतो. गणपतीची मूर्ती वर्षानुवर्षे स्कूटरवरून आली. पुढे चालविणारा, मागे बसलेल्याच्या मांडीवर मूर्ती, आणि वेग सायकलीचा. हार्मोनियम पाय ठेवण्याच्या जागेत उभी राही. तबल्याची जोडी मागे. कोणाकडे बाळंतपण असले, कोणाचे वडील गावाकडे गेल्याची तार आली, तर रात्री अकरा वाजता चारबाग स्टेशनवर पोचविणारा कोणीतरी स्कूटरवाला हजर असे. गावापासून शेकडो कोस दूर असलेल्या माणसाला, आपल्याला वेळेवर कोठेतरी पोचविणारा आहे, हा केवढा आधार असतो, हे येथे बसलेल्यांना समजावून सांगणे नको.

या गाड्या ज्यांनी चालत्या ठेवल्या, ते मिस्त्री लालबागेतले. आपल्या मुंबईच्या लालबागशी या लालबागेचा संबंध नाही, हे नवीन आलेल्या प्रत्येकाला सांगावे लागे. हजरतगंजाला लागूनच असलेल्या त्या गल्ल्यांत आणि लाटूश रोडवर आम्ही जे हिंदुस्थानी बोलणे शिकलो, ते कचेरीत शिकलो नव्हतो. गाडीचे काय बिघडले हे सांगण्यापूर्वी तेथे मिस्त्रींच्या तब्येतीची चौकशी करावयाची, मग चहा, मग ‘जरा मिजाज बिगड़ा है’ अशी गाडीची तक्रार मांडावयाची. इंजिनालाही मिजाज असतो, हे लखनौने आम्हाला शिकविले. ईदला त्यांच्याकडची शेवई आणि संक्रांतीला आमच्याकडचा तिळगूळ हा व्यवहार कोणत्याही समितीने न ठरविता चालू राहिला.

परंतु केवळ गोड तेवढेच सांगणे हा आठवणींचा अप्रामाणिकपणा होईल. एका स्कूटरवर पाच जणांचे कुटुंब, पुढे उभा मुलगा, मागे आडवी बसलेली आई, तिच्या मांडीवर तान्हे मूल, हे चित्र आज कौतुकाने दाखविले जाते. त्यांपैकी एकाच्याही डोक्यावर शिरस्त्राण नसे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने ते बंधनकारक केले आणि तो १९८९ मध्ये अमलात आला. तरीही आम्ही पुष्कळ दिवस ते हँडलला लटकवूनच फिरलो. लखनौचे जानेवारीतले धुके आपल्याला ठाऊक आहे. सहा व्होल्टचा तो मिणमिणता दिवा धुक्यात चार पावलांपलीकडे जात नसे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अशाच एका पहाटे आमच्यातील एक तरुण अभियंता कानपूर रस्त्यावर, दिवा न लावता उभ्या असलेल्या मालमोटारीवर आदळला. त्याची जावा दुरुस्त झाली. तो परत आला नाही.

त्याच्या पत्नीने माहेरी परत जावे, असा सर्वांचा सल्ला होता. त्यांनी तो मानला नाही. येथेच शाळेत नोकरी धरली आणि लूना घेतली. किनेटिकने १९७२ मध्ये काढलेली ती पन्नास सी.सी.ची लहानशी गाडी. पेट्रोल संपले तर पायडल मारून घरी नेता येई. आमच्या मंडळातील स्वतः वाहन चालविणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्यांच्या पाठोपाठ आणखी चौघी-पाच जणी शिकल्या, आणि महिला शाखेची सभा पुरुषांच्या सवडीवर अवलंबून राहिली नाही. जावा मात्र त्यांनी विकली नाही. ती आजही जिन्याखाली आच्छादून ठेवलेली आहे.

पुढची हकीकत आपल्यासमोरच घडली. १९८५ मध्ये हीरो होंडाची सी.डी. शंभर आली, तिने कमी पेट्रोलात अधिक अंतर कापले आणि पहिल्या किकला सुरू होण्याची वाईट सवय लोकांना लावली. धुराचे नियम कडक झाले. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, विजयचे उत्पादन १९९७ मध्ये थांबले. २००९ च्या अखेरीस बजाजने स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले. २०२१ मध्ये स्कूटर्स इंडिया कायमची बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. जावा, येझदी, चेतक ही नावे अलीकडे पुन्हा बाजारात आली आहेत. चेतक तर विजेवर चालते. नातवंडांनी ती अवश्य घ्यावीत. हजरतगंजही २०१० मध्ये नटून-थटून नवे झाले; त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमची विनंती वेगळी आहे. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केले. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा, ही त्यातली मुख्य अट. अशा वाहनाला ‘व्ही.ए.’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि पुनर्नोंदणीचे पाच हजार, असे त्या नियमांत ठरले. वाहन रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी नेता येत नाही. प्रदर्शन, जुन्या वाहनांची फेरी, इंधन वा दुरुस्ती अशा मोजक्या कारणांसाठीच ते रस्त्यावर आणता येते. लखनौत बनलेल्या पहिल्या विजय स्कूटरना आता पन्नास वर्षे पुरी झाली आहेत. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्या आणि आपले मंडळ एकाच वयाची आहेत.

तेव्हा ज्यांच्या जिन्याखाली, व्हरांड्यात, गच्चीवर अशी गाडी पडली असेल, त्यांनी ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी आठ दिवस थांबावे. नोंदणीचे पुस्तक शोधावे. सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक कागदाशी ताडून पाहावा. नवा रंग देण्याची, चकचकीत भाग बसविण्याची घाई करू नये. मूळ स्वरूप गेले की ते परत येत नाही. ज्यांना खर्च वा जागा परवडणार नाही, त्यांनी निःसंकोच गाडी विकावी. पण तिचे छायाचित्र, तिचा क्रमांक आणि तिने कोणाला कोठे पोचविले याची एक-दोन पाने मंडळाच्या दप्तरी द्यावीत. आमच्यापैकी ज्यांचे हात अजून चालतात, ते दर रविवारी सकाळी तरुणांना या गाड्या उघडून दाखविण्यास तयार आहेत. जिन्याखालच्या त्या जावेचे कागद तिच्या मालकिणीने परवाच आमच्या हाती दिले आहेत. तिच्यापासूनच आरंभ करण्याचा आमचा विचार आहे.

तरुण मित्रांनी येताना शिरस्त्राण घालून यावे, ही एकच अट.