नदीत उभं राहायचं, तर पायांत काय?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यान)



विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघा-तिघांनी मला गाठून विचारलं, "काका, गणपतीत बुटांवर व्याख्यान?" हो, बुटांवरच. माझी सगळी नोकरी नद्यांचं पाणी मोजण्यात गेली. वेगमापक काठीला लावायचा आणि प्रवाहात उतरून दर हातभर अंतरावर उभं राहायचं. त्यामुळे नदीत उभं राहण्याबद्दल चार गोष्टी मला सांगता येतात. आणि चतुर्दशीला आपली पंधरा-वीस मुलं पाण्यात उतरणार आहेत, तेव्हा त्या आजच सांगितलेल्या बऱ्या.

पण सुरुवात बागपासून करतो. आपल्यातल्या बहुतेकांनी तिथली लेणी पाहिली आहेत. मराठी कानाला 'बाग' म्हटलं की फुलझाडं आठवतात, पण गावाचं नाव वाघाचं आहे आणि नदीचं वाघिणीचं, बाघिनी. लेण्यांपुढून वाहणारी ही नदी पावसाळ्यात भरते आणि उन्हाळ्यात रोडावते. खत्री मंडळी १९६२ साली मनावरहून इथे आली आणि इस्माईल सुलेमानजी खत्रींसारख्या कारागिरांनी बाग छपाईचं नाव देशभर नेलं. आपल्याकडे कितीतरी घरांत त्या लाल-काळ्या साड्या आहेत. आज सभागृहातही चार-पाच दिसताहेत.

त्या साडीचा रंग ठशाइतकाच पाण्यावरही अवलंबून असतो. कापड आधी एरंडेल, खारी आणि बकरीच्या लेंड्या यांच्या पाण्यात मुरवतात, मग हिरड्यात बुडवतात. लालासाठी तुरटी, काळ्यासाठी लोखंडाचा गंज. छापून काही दिवस ठेवलं की येतो 'विछलिया', म्हणजे वाहत्या पाण्यातली धुलाई. छापलेल्या लेपातला जास्तीचा भाग इथे सुटतो. पाणी साचलेलं असेल तर तो शेजारच्या पांढऱ्या जमिनीवर बसतो आणि कापड डागाळतं. म्हणून धुणाऱ्याला धार असलेली जागाच लागते आणि कापड सतत प्रवाहात हलतं ठेवावं लागतं. त्यानंतर तांब्याच्या कढईत आल आणि धावड्याच्या फुलांबरोबर उकळण, की पुन्हा धुलाई. म्हणजे एका साडीमागे कुणीतरी गुडघाभर, कधी मांडीभर पाण्यात वाकून बराच वेळ उभा असतो. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीसुद्धा. पायांत काय? बहुधा काहीच नाही.

असं रोज पाण्यात राहिलं की कातडी पांढरी पडून सुरकुतते, मऊ होते, मग साध्या खड्यानेही सोलवटते. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. आपल्या आज्या चिखल्यांवर मेंदी लावायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाण्यात जायचं असेल तर मेंदी काय करणार? टाचेला भेगा असतील तर त्यातून जंतू शिरतो. मधुमेह असलेल्या माणसाला तर जखम झाल्याचं कळतही नाही. आपण साडीचा पोत बोटांनी चाचपून बघतो, धुणाऱ्याचा पाय कुणी बघत नाही.

यावर जगात एक साधन आहे, वेडर. म्हणजे छातीपर्यंत, कमरेपर्यंत किंवा मांडीपर्यंत येणारी, पाणी आत न घेणारी विजार. थंड देशांत ट्राउट मासा पकडणारे गळवाले ती घालतात. पिसांची खोटी माशी गळाला बांधून ते प्रवाहाच्या मधोमध तासन्‌तास उभे राहतात. आपल्या देशात काश्मीर-हिमाचलच्या नद्यांवर हा शौक इंग्रजांनी आणला. माझा भाचा परदेशात असतो. त्याला हे वेड आहे आणि गेल्या खेपेला तो दोन जोड घेऊन आला होता. त्यामुळे मला ते उलटेपालटे करून नीट बघता आले.

वेडर तीन जातींचे. पहिला जाड प्लास्टिकचा किंवा रबराचा. मत्स्यपालनवाले वापरतात तो. स्वस्त आणि दणकट, पण आत घाम धरतो. दुसरा निओप्रीनचा, स्पंजासारखा, ज्यात बारीक बुडबुडे असल्यामुळे ऊब राहते. तिसरा 'श्वास घेणाऱ्या' कापडाचा. १९६९ साली बॉब गोर यांना एक पांढरं प्लास्टिक ताणून त्याची बारीक छिद्रांची पातळ जाळी करता आली. तिच्यातून पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. हा महाग. आणि वाफ बाहेर जायला बाहेरची हवा आतल्यापेक्षा थंड, कोरडी लागते. आपल्या भाद्रपदातल्या दमटपणात त्याचे पैसे वसूल होत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. मे महिन्यात तर माळव्यात कुठलाच वेडर घालू नये. माणूस आतून शिजेल.

म्हणून निवड करताना आधी विचारायचं, पाण्यात किती वेळ? रोज तास-दोन तास उभं राहणाऱ्या धुणाऱ्याला पाय कोरडे हवेत. त्याला थंडीच्या दिवसांत कमरेपर्यंतचा पातळ वेडर बरा. छातीपर्यंतचा नको, कारण त्याला सतत वाकायचं असतं. काम संपलं की लगेच काढायचा, पाय पुसून उन्हाला धरायचे. याउलट विसर्जनाला दहा-वीस मिनिटं उतरणाऱ्या मुलाला कोरडं राहण्याची गरजच नाही. त्याला ओली चालेल अशी विजार आणि घोटा धरून ठेवणारा चांगला बूट पुरे.

आता बुटाकडे येतो. वेडरची चर्चा करणारे सगळे वरच्या कापडावर बोलतात आणि माणूस पडतो तो तळव्यामुळे. नदीतला दगड गोल असतो आणि त्यावर शेवाळ असतं. साध्या रबरी तळव्याची चप्पल त्यावर साबणासारखी सरकते. परदेशी गळवाले पूर्वी नमद्याचा तळवा लावत. दाबलेल्या लोकरीसारखा तो दाट थर शेवाळातून खाली दगडापर्यंत पोचतो आणि पकड घेतो. पण काठच्या चिखलात आणि ओल्या गवतावर तोच घसरतो. शिवाय नमदा लवकर वाळत नाही. त्यात अडकलेलं शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. या कारणाने न्यूझीलंडने २००८ पासून नमद्याच्या तळव्यांवर बंदीच घातली. आता खोल खाचांचा मऊ रबरी तळवा आणि त्यात बसवलेले छोटे कठीण धातूचे खिळे असा प्रकार जास्त चालतो. शेवाळलेल्या गोट्यांवर खिळे उत्तम, पण बागच्या धुणाऱ्याने ते घेऊ नयेत. पाण्यात पायाशी कापड असतं, एका पावलात साडी फाटेल. त्याला खाचांचा मऊ रबरी तळवाच योग्य. आपल्या घाटाच्या पायऱ्यांनाही तोच बरा, कारण गुळगुळीत सपाट फरशीवर खिळे घसरतात.

काही वेडरांना खाली बूट चिकटवलेलेच असतात, काहींना नुसता निओप्रीनचा मोजा असतो आणि बूट वेगळा घ्यावा लागतो. चिकटवलेला घालायला-काढायला सोपा, पण घोटा आत हलतो आणि खडकाळ तळात मुरगळतो. वेगळा बूट घेताना नेहमीपेक्षा एक नंबर मोठा घ्यायचा. मोजा जाड असतो, आणि बूट आवळला तर रक्त फिरत नाही आणि पाय बधिर होतो. बधिर पायाला दगड कळत नाही. दुकानात वेडर घातला की एक पाय खुर्चीवर ठेवून बघा, मग उकिडवं बसून बघा. जांघेत ताण आला तर तो आपला नाही.

आणि गमबूट? विसर्जनाला कुणी गमबूट घालून उतरू नये. पाणी वरून आत शिरलं की पाय उचलवत नाही. वेडरबद्दल लोकांना भीती असते, की आत पाणी गेलं की माणूस दगडासारखा तळाला जातो. तसं होत नाही. पाण्यातल्या पाण्याला वजन लागत नाही. ली वुल्फ नावाच्या नामांकित अमेरिकन गळवाल्याने वेडर घालून पुलावरून उडी मारून हे दाखवलं होतं. पण काठावर चढताना प्रत्येक लिटरचं एक किलो होतं, तिथे दम संपतो. म्हणून वेडरवर कमरेला घट्ट पट्टा बांधायचाच. पडलं तरी पाणी पट्ट्यापाशी अडतं.

बूट कितीही चांगला असला तरी प्रवाहापुढे त्याची मर्यादा आहे. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. पाणी मोजणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: खोली फुटांत आणि वेग दर सेकंदाला किती फूट, यांचा गुणाकार दहाच्या वर गेला तर उतरायचं नाही. वेग कसा काढायचा? काठावर दहा फूट मोजा, वरच्या टोकाला पान सोडा, खालच्या टोकाला पोचेपर्यंत सेकंद मोजा. पाच सेकंद लागले तर वेग दोन. कमरेएवढं पाणी, समजा तीन फूट, म्हणजे गुणाकार सहा. हा दहाचा आकडा सराव असलेल्या माणसाचा. आपल्या मुलांसाठी मी पाचावर थांबतो, म्हणजे याच जागी मांडीच्या वर पाणी नको.

उतरल्यावर प्रवाहाकडे पाठ करू नका. अंग आडवं ठेवा, म्हणजे पाण्याला कमी रुंदी मिळते. पाय उचलू नका, घासत न्या, आणि एकावर दुसरा आणू नका. हातातली काठी वरच्या अंगाला टेकवा, तो तिसरा पाय. पडलात तर वेगवान पाण्यात लगेच उभं राहायची धडपड करू नका, पाय दगडांत अडकतो आणि वरून पाणी दाबतं. उताणे व्हा, पाय खालच्या दिशेला ठेवा आणि उथळात आल्यावर उठा.

आता एक नाजूक गोष्ट. बाप्पाला निरोप देताना पायांत बूट घालायचे का, असा प्रश्न समोरच्या रांगेत अनेकांच्या मनात आला असेल. भावना माझीही तीच आहे. मूर्ती उचलणारे चौघे काठापर्यंत अनवाणीच चालोत. पण पुढे पाण्यात दोर धरून जे तीन-चार जण उभे असतात, ते इतरांना धरायला असतात. त्यांच्या पायाखाली गेल्या वर्षांच्या मूर्तींच्या तारा असतात, काचा असतात. त्यांच्यासाठी रस्त्यावर कधीही न घातलेले, फक्त याच कामाचे जोड ठेवले तर त्यात अपवित्र काय आहे? मला तरी काही दिसत नाही. ज्येष्ठांनी मनाई केली तर मी वाद घालणार नाही, पण मग ती मुलं गुडघ्याच्या पुढे जाणार नाहीत, एवढं त्यांनी बघावं.

जोड घेतले की सांभाळायचेही असतात. आधी बाहेरून, मग उलटे करून आतून, सावलीत वाळवा. घडी घालू नका, घडीवर रबर तडकतं. गळती कुठे आहे हे दिसत नसेल तर रात्री दिवे मालवून वेडरच्या आत बॅटरी लावा, भोक चांदणीसारखं चमकतं. रबराला सायकलवाल्याचं ठिगळ चालतं, प्लास्टिकला त्याचं वेगळं सोल्युशन लागतं.

कार्यकारिणीने चार जोडांना मंजुरी दिली आहे. त्याच दुकानातून दोन कमरेपर्यंतचे वेडर जास्तीचे घ्यावेत आणि साड्यांच्या प्रदर्शनासाठी दरवर्षी ज्यांच्याकडून माल येतो त्या बागच्या कारखान्यात हिवाळ्यापूर्वी वापरून बघायला द्यावेत, असं मी सुचवलं आहे. गैरसोयीचे वाटले तर ते परत पाठवतील, मग त्यांनी सांगितलेला फरक करून दुसरे बघू. तिकडे टेबलावर कागद आणि पेन्सिल ठेवली आहे. दोर धरणाऱ्या मुलांनी जाण्यापूर्वी दोन्ही पावलं टेकवून रेघ मारून जावं. पाय संध्याकाळी जरा फुगलेले असतात, तेव्हा माप आत्ताच घेतलेलं चांगलं.