पेशींचा शेजार

मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए. विज्ञानाशी संबंध शाळेतल्या बेडकापुरता. पण लेकीला दिवस गेले आणि सोनोग्राफीहून आल्यावर तिने विचारलं, "अब्बा, सगळ्या पेशी एकाच पेशीतून आलेल्या. मग तू हृदय हो, तू डोळा हो, हे त्यांना सांगतं कोण?"

मी पुस्तकं धुंडाळली. जर्मन शास्त्रज्ञ हान्स श्पेमान यांनी न्यूट या पालीसारख्या दिसणाऱ्या जलचराच्या कोवळ्या भ्रूणातला, पुढे कातडी होणारा तुकडा मेंदूच्या जागी बसवला. तो मेंदू झाला! तोच खटाटोप थोडा उशिरा केला, तर तुकडा ऐकेना; मेंदूत बसूनही कातडीच राहिला. शेजाऱ्यांचं ऐकण्याचं वय फार थोडं असतं.

मग सांगणारा शेजारी कोण? ते फ्रायबुर्गमध्ये श्पेमान यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हिने शोधलं. फिक्या भ्रूणाचा एक ठराविक, इवलासा तुकडा तिने गडद भ्रूणाच्या पोटाकडे जोडला. तिथे दुसरा भ्रूण उभा राहिला, चिकटलेल्या जुळ्यासारखा! आणि त्याचा मज्जारज्जू बहुतांशी गडद पेशींचा, ज्या एरवी पोटाची कातडी झाल्या असत्या. पाहुण्याने यजमानाच्याच माणसांना कामाला लावलं होतं.

हा निबंध १९२४ साली छापून आला. त्याच वर्षी स्वयंपाकघरातल्या स्टोव्हच्या भडक्यात हिल्डे गेली. वय २५, पदरी तान्हं मूल. १९३५चं नोबेल श्पेमान यांना मिळालं.

लेकीला मी प्रयोग रंगवून सांगितला. हिल्डेचं पुढचं मात्र बाळंतपण होईपर्यंत सांगितलं नाही.